तिसऱ्या पायरीचं पाणी

सोमवार. वेळ १०.१०. जागा: घाट, तिसरी पायरी. पीएच: ५.९. शेरा:

"मशीन बिघडलं का जी?" गिरजाबाईनं विचारलं.

"मशीन बिघडत नाही," मी म्हणालो. "बॅटरी बिघडते."

मी बॅटरी काढली, शर्टाला पुसली आणि परत बसवली. ५.९. मीटरची काचेची कांडी डिस्टिल्ड वॉटरनं धुतली, सात पीएचच्या तयार द्रावणात बुडवून आकडा जुळवला आणि पुन्हा तलावाच्या पाण्यात धरली. ५.९. नवी बाटली भरली. ५.९. मग रसायनशास्त्रात डॉक्टरेट मिळवलेला माणूस अशा वेळी जे करतो ते मी केलं. मीटरच्या पाठीत दोन चापट्या मारल्या.

५.८.

"मारल्यानं उतरलं," गिरजाबाई म्हणाली.

ती नेहमीसारखी घाटाच्या सगळ्यात वरच्या पायरीवर बसली होती. शेजारी तिचा चुन्याचा डबा होता. तलावातले मेलेले शिंपले आणि गोगलगाईंचे रिकामे शंख गोळा करायचे, घरामागच्या भट्टीत भाजायचे, भिजवून चुना करायचा आणि तो सोमवारच्या बाजारात पान-तंबाखूवाल्यांना विकायचा, हा तिचा धंदा. दर महिन्याला पाणी मोजून झालं की मी तिच्याकडून डबीभर चुना घेत असे. त्या दिवशी तिचा डबा रिकामा होता. मला ते दिसलं नाही. त्या काळात जे मोजता येत नसे ते मला दिसत नसे, आणि रिकामा डबा मोजायचं यंत्र माझ्याकडे नव्हतं.

तर शेरा.

आमच्या छापील तक्त्यात पाच रकाने होते. शेरा शेवटचा आणि सगळ्यात अरुंद. त्र्याऐंशी महिने मी तो कोरा ठेवला होता, आणि त्याचा मला अभिमान होता. शेरा गोंधळलेली माणसं लिहितात, असं माझं मत होतं. आज चौदा वर्षांनी तो भरायला बसलो आहे. मजकूर रकान्यात मावत नाही, म्हणून असा कागदभर सांडतोय.

चिचघाटचा तलाव झाडीपट्टीतला. बाजूला साग, खाली टणक खडक, वर रेताड माती. पश्चिमेला पंचवीस किलोमीटरवर औष्णिक वीजकेंद्र. आभाळ स्वच्छ असलं की त्याच्या दोन चिमण्या घाटावरून दिसायच्या. कोळशातलं गंधक धुरातून वर जायचं आणि पावसातून खाली यायचं. गावातल्या शाळेच्या छपरावर मी नरसाळं लावून पाऊस पकडत असे. त्याचा पीएच साडेचारच्या आसपास. म्हणजे ताकाइतका आंबट. शुद्ध पाण्याचा सात असतो, आणि आकडा जितका खाली तितकं पाणी आंबट. असा ताकाचा पाऊस वीस वर्षं पडत होता आणि तलाव मात्र ७.२. दर महिन्याला ७.२. जगात असे तलाव नासले होते, मासे मेले होते, आणि माझा तलाव ढिम्म.

या चमत्कारावर मी प्रबंध लिहिला. 'चिचघाट तलावाची असाधारण आम्लरोधक क्षमता.' माझे मार्गदर्शक देवस्थळे सर सांगायचे, "भुसारी, जागा बदलली की आकडा मेला." म्हणून मी जागा कधी बदलली नाही. पहिल्याच महिन्यात तिसऱ्या पायरीवर ऑइलपेंटनं लाल खूण केली, आणि दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी त्याच खुणेवर उभा राहून त्याच कोपऱ्यातलं पाणी घेतलं. सोमवारीच का, तर बाजाराची बस सोमवारीच असायची.

शेवटच्या वर्षी आकडा थोडा घसरला होता हे खरं. ७.०, ६.९, एकदा ६.७. मीटर जुना झाला असं ठरवून मी त्यात जेवढं कमी पडलं तेवढं मिळवत गेलो. आमच्यात त्याला 'दुरुस्ती' म्हणतात.

त्या सोमवारी मी ५.९ खोडलं आणि शेजारी ७.२ लिहिलं. पेन्सिलनं. मनात थोडी लाज असली की मी पेन्सिल वापरतो.

"कितीक आला आज?"

हा दामोधर मारबते. मच्छीमार सोसायटीचा अध्यक्ष, चाळिशीचा, उंच, आणि माझ्याशी बोलताना नेहमी थोडं हसणारा. तो डोंगा किनाऱ्याला लावून घाटावर येत होता. डोंगा म्हणजे एकाच लाकडात कोरलेली अरुंद नाव.

"सात पॉइंट दोन," मी म्हणालो.

"म्हणजे ठणठणीत हाय."

"आकडा तसं सांगतो."

"सर, मले एक सांगा," दामोधर पायरीवर टेकला. "तुमचा तलाव आन् आमचा तलाव येगळा हाय का? तुमच्यातले मासे जगतात, आमच्यातले मरतात. मागच्या पावसाळ्यात रोहूचं बी टाकलं. दुसऱ्या पावसात उलटं होऊन तरंगलं. तीन वर्षं झाले, हेच होऊन राह्यलं."

"बी खराब असेल."

"तीन वर्षं?"

"ऑक्सिजन कमी पडला असेल. जाळी धुवायला साबण वापरता तुम्ही."

"परवा बुधवारी सुनावणी हाय," तो म्हणाला. "वीजकेंद्रवाल्याईले तिसरी चिमणी लावाची हाय. त्याईच्या अहवालात पयल्या पानावर तुमचं नाव हाय. वाचलं मी. 'डॉ. मोरेश्वर भुसारी यांच्या सात वर्षांच्या अभ्यासानुसार.' तुमचं नाव हाय तोवर आमचे मेलेले मासे कोण पाह्यते?"

मला खरं तर बरं वाटलं होतं. माझं नाव पहिल्या पानावर, ठळक अक्षरात. त्या अहवालाची एक प्रत मी आईला पाठवली होती.

दामोधर गेला. मी सामान आवरलं, खिशातली तंबाखू काढली आणि रिकामी डबी गिरजाबाईपुढे धरली.

"नाही जी," ती म्हणाली. "दीड महिना झाला, भट्टीच नाही लावली."

"का?"

"शिंपलेच नाही. पयले आठवड्याले भट्टी लागत होती. मंग महिन्याले लागे. आता दीड महिना येचलं तरी अर्धा ढीग. आन् जे भेटतात ते असे." तिनं कनवटीतून एक शिंपला काढून माझ्या हातावर ठेवला. कागदासारखा. मी बोटांत धरला तर तुटला. "भट्टीत टाकलं का राख होते. चुना नाही होत."

"दुसरीकडून घेऊन जातो मग चुना."

"घ्या. मीबी अर्धा ढीग घेऊन बसली हाय. भरला का लावतो. तलावाचा वाटाबी राह्यला महिन्याचा."

"कसला वाटा?"

"पयल्या चुन्याचा." ती मला शाळेतल्या पोराला सांगावं तसं सांगत होती. "शिंपला तलावाचा. मंग भट्टी उघडली का पयलं टोपलं तलावाचं. माझी सासू देत होती, तिची सासू देत होती. बाजाराच्या दिवशी सकाळीच टाकतो आम्ही, मंग बाकीचा घेऊन बाजारात बसतो. पयला वाटा दिल्याबिगर इकता नाही येत."

बाजाराच्या दिवशी. सकाळीच. माझ्या हातातली डबी मी हळूच खिशात ठेवली.

"कुठे टाकता, बाई?"

"हे काय. तुम्ही उभे हाय तिथंच." तिनं बोट दाखवलं. "पयले कुठंबी टाकत होती, पाय घसरे. तुम्ही ती लाल खूण केली तवापासून लय सोपं झालं. नेमकी जागा दिसते."

मी खाली पाहिलं. घाटाचा तो कोपरा तिन्ही बाजूंनी दगडी, पाणी तिथं हलत नाही. तळाशी पांढुरका गाळ होता. सात वर्षं मी त्याला दगडाचा रंग समजत होतो. त्या गाळावर बोरांएवढ्या काळसर गोगलगाई सावकाश सरकत होत्या.

"याईले हात नाही लावत आम्ही," गिरजाबाई म्हणाली. "मेलेल्या उचलाच्या, जित्या नाही. आता बाकी तलावात दिसतच नाही. येवढ्याच राह्यल्या, या कोपऱ्यात. याईच्या भरवशावर पुढचा चुना."

मी तिसऱ्या पायरीवर बसलो. पँट ओली झाली. माझी असाधारण आम्लरोधक क्षमता साठीतल्या एका बाईच्या टोपल्यात होती, आणि मी महिन्याच्या पहिल्या सोमवारी तिच्यामागून दोन तासांनी येऊन ती बाटलीत भरत होतो. उरलेली तंबाखूला लावून चघळत होतो.

मंगळवार. वेळ ८.३०. जागा:

जागेच्या रकान्यात त्र्याऐंशी वेळा 'तिसरी पायरी' लिहिल्यावर 'तलावाचा मध्य' लिहायला हात धजत नाही. त्याआधी डोंग्यात बसायला धजत नाही.

सात वर्षं तलावाचा अभ्यास करणाऱ्या माणसाला पोहता येत नाही, हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. प्रबंधाच्या चौदाव्या पानावर एक वाक्य आहे: 'घाट हे प्रातिनिधिक ठिकाण मानण्यात आले आहे.' त्याचा सोप्या मराठीत अर्थ असा, की लेखकाला बुडायची भीती वाटते.

"सर," दामोधर वल्हं मारत म्हणाला, "डोंग्याले येवढं घट्ट धरू नका. तो काही पळून नाही राह्यला."

"मी तोल सांभाळतोय."

"तोल मी सांभाळतो. तुम्ही डोळे उघडा."

मी उघडले. किनारा बराच लांब गेला होता. खाली पाणी इतकं नितळ, की दोन पुरुष खोलीवरचा तळ दिसत होता. हिरवट झाक नाही, गढूळपणा नाही.

"किती स्वच्छ आहे," मी म्हणालो.

"हो जी. काहीच नाही राह्यलं त्याच्यात."

मी कांडी पाण्यात धरली. डोंगा डुलत असल्यामुळे आकडा डुलतोय असं मला वाटलं. दामोधरनं डोंगा स्थिर केला. आकडा स्थिर झाला.

५.२.

मीटरला चापट मारली नाही. पाण्याच्या मधोमध मी कशालाच चापट मारली नसती.

"किती?" दामोधरनं विचारलं. या वेळी हसला नाही.

मी सांगितलं. मग त्यानं वल्हं आडवं ठेवलं आणि मी त्याला जे सांगायला हवं होतं ते सात वर्षं उशिरा सांगितलं. पाण्यात थोडा चुना विरघळलेला असतो, आजूबाजूच्या मातीतून आलेला. आंबट पाऊस पडला की हा चुना आंबटपणा खाऊन टाकतो. चुना आहे तोवर पीएच हलत नाही. दहा वर्षं हलणार नाही, वीस वर्षं हलणार नाही. बघणाऱ्याला वाटतं तलाव दणकट आहे. आणि चुना संपला की दोन-तीन पावसाळ्यांत आकडा खाली बसतो. मग मातीतलं ॲल्युमिनियम सुटून पाण्यात येतं आणि माशांच्या कल्ल्यांवर बसतं. मासा पाण्यात असून गुदमरतो. म्हणून नुसता पीएच मोजून भागत नाही, आम्ल पचवायची किती ताकद शिल्लक आहे तेही मोजायचं असतं. त्याची पद्धत आहे. ब्युरेटनं थेंब थेंब आम्ल टाकत बसावं लागतं, एका बाटलीला अर्धा तास.

"मंग तुम्ही काहून नाही मोजलं?"

"बस चुकली असती," मी म्हणालो.

तो माझ्याकडे सरकला. मला वाटलं, आता हा मला पाण्यात टाकणार. माझ्या मनात आलं की टाकावंच, आणि लगेच आलं की टाकू नये.

"उद्या हे सांगान का?" त्यानं विचारलं. "सगळ्याईसमोर?"

"सांगितलं तर माझा प्रबंध गेला. नोकरीही जाईल बहुतेक."

"न सांगितलं तर तलाव जाईन," दामोधर म्हणाला आणि वल्हं उचललं. "तुमचं तुम्ही पाहा. मी घाटावर सोडून देतो."

बुधवार. वेळ: अकराचे सव्वाबारा झाले. जागा: शाळेचं पटांगण, मांडव.

कंपनीचा सल्लागार तरुण होता, चांगलं बोलत होता. त्यानं पडद्यावर माझा आलेख लावला. सात वर्षांची रेघ, ताणलेल्या दोरीसारखी सरळ. "त्र्याऐंशी नोंदी," तो म्हणाला, "त्याही एका स्वतंत्र शास्त्रज्ञाच्या." मांडवातल्या दीडशे माणसांनी त्या रेघेकडे पाहिलं. कोळी बायका पुढे बसल्या होत्या. गिरजाबाई त्यांच्यात होती.

मी उठलो. अध्यक्षस्थानी जिल्ह्याच्या एक अधिकारी मॅडम होत्या.

"मॅडम, ती रेघ तलावाची नाही," मी म्हणालो. "ती गिरजाबाई पचारे यांच्या चुन्याची आहे."

पहिल्यांदा हसल्या त्या कोळी बायका. मग मांडवच हसला. मी सगळं सांगितलं: बाजाराची बस, पहिलं टोपलं, लाल खूण. लाल खुणेपाशी मॅडमनाही हसू आवरलं नाही. मी 'दुरुस्ती'सुद्धा सांगितली. तेव्हा कुणी हसलं नाही.

"मग तलावाची खरी स्थिती काय?" मॅडमनी विचारलं.

"पाच पॉइंट दोन. कालची नोंद."

सल्लागार उभा राहिला. "त्र्याऐंशी नोंदी कुणी घेतल्या?"

"मी."

"आणि ही एक?"

"मीच."

"मग तुमच्या दोघांपैकी कुणावर विश्वास ठेवायचा?"

प्रश्न चांगला होता. मी आजही त्याचं उत्तर शोधतो. मॅडमनी पेन खाली ठेवलं. "डॉक्टर, चुन्यामुळेच आकडा टिकला याचा पुरावा आहे का? एका दिवसाच्या नोंदीवर मी काही लिहू शकत नाही."

आणि मला सुचलं. आयुष्यात पहिल्यांदा दीडशे माणसं माझं ऐकत होती. प्रयोग इतका नेटका होता की माझा मलाच आनंद झाला.

"मिळेल," मी म्हणालो. "चुना टाकणं पूर्ण बंद करायचं. एक अख्खा पावसाळा धरून बारा महिने. तिसरी पायरी आणि तलावाचा मध्य, दोन्हीकडे मोजायचं. पायरीचा आकडा खाली येऊन मध्याला मिळाला, तर सिद्ध झालं."

"तोवर प्रकल्पाचा निर्णय राखून ठेवता येईल," मॅडम म्हणाल्या. "पण त्या बाई तयार आहेत का?"

सगळी डोकी वळली. गिरजाबाई उठली, पदर सारखा केला.

"बारा महिने?" तिनं मला विचारलं.

"हो."

"एक टोपलंबी नाही?"

"एकही नाही. नाहीतर पुन्हा सगळं चुकेल."

"आन् कोपऱ्यातल्या गोगलगाई?"

"त्यांचं नंतर बघू," मी म्हणालो.

ती दामोधरकडे वळली. त्यानं हात जोडले. "काकी, तलावासाठी."

"तलावासाठीच टाकत होती मी," ती म्हणाली. थोडा वेळ उभी राहिली. मग म्हणाली, "बरं," आणि बसली. मॅडमनी कारकुनाला सांगितलं, "संमती लिहा."

त्या दिवशी दामोधरनं मला घरी जेवायला नेलं. लोक माझ्या पाठीवर थाप मारत होते. मी बसच्या खिडकीतून तलावाकडे बघत परत गेलो आणि मला वाटत होतं की आज मी काहीतरी मोठं गमावून काहीतरी मोठं मिळवलं. नोकरी गेली नाही, हेही सांगून टाकतो. देवस्थळे सर आठ दिवस बोलले नाहीत. नवव्या दिवशी म्हणाले, "नवा प्रयोग पहिल्यापेक्षा चांगला आहे."

सोमवार, तिसरा महिना. तिसरी पायरी ५.७. मध्य ५.२. शेरा:

आषाढातला सोमवार. मी डबी घेऊन गिरजाबाईच्या घरी गेलो. घरामागं शिंपल्यांचा ढीग होता, आता जवळजवळ भरलेला. भट्टी थंड. तिच्यात पावसाचं पाणी साठलं होतं. बाई रोवणीवरून आली होती, पाय गुडघ्यापर्यंत चिखलात.

"तुम्ही धानाच्या रोवणीला जाता?"

"मंग खाऊ काय?"

"भट्टी लावा ना. ढीग तर भरलाय. तलावात टाकू नका, एवढंच. विकायला कुणी मना केलंय?"

ती पायावर पाणी ओतत होती. थांबली. मी गंमत करतोय का, ते बघितलं.

"पयला वाटा दिल्याबिगर इकता नाही येत जी," ती म्हणाली. "त्या दिशी घाटावर सांगितलं होतं तुमाले."

सांगितलं होतं. माझ्यासमोर, त्याच शब्दांत. मांडवात मी तिच्याकडून बारा महिन्यांची टोपली मागत होतो असं मला वाटलं होतं. मी तिचा धंदा मागितला होता. आणि तिनं तो समजून दिला होता, थोडा वेळ उभं राहून, "बरं" म्हणून.

"मग तुम्ही तेव्हाच का नाही बोललात?"

"तुम्ही गोगलगाईचं नंतर पाहू म्हटलं," ती म्हणाली. "मी म्हटलं, माझंबी नंतर पाह्यतीन."

इथं मी म्हणू शकलो असतो की बाई, सोडा तो प्रयोग, पेटवा भट्टी. ही गोष्ट सांगताना मी एकदा तसं म्हणालोही आहे, नागपुरात एका व्याख्यानात. टाळ्या पडल्या होत्या. खरं असं झालं की नऊ महिने बाकी होते, तक्त्यात तीन सुरेख आकडे उतरले होते, आणि मी म्हणालो, "जरा कळ काढा." शेरा कोरा ठेवला.

कोपऱ्यातल्या गोगलगाई मी मोजायला लागलो. तेवढी सवय होती. आषाढात एकेचाळीस. श्रावणात अडतीस, शंखांची टोकं पांढरी. भाद्रपदात बावीस, काहींच्या शंखाला भोकं. अश्विनात नऊ. दिवाळीनंतरच्या सोमवारी मी पालथा पडून, पाण्यात खांद्यापर्यंत हात घालून तळ चाचपला. शून्य. त्यांचा आलेख माझ्या आयुष्यातला सगळ्यात स्वच्छ आलेख आहे. तो दोन पाठ्यपुस्तकांत छापला गेलाय.

बारा महिन्यांनी पायरी ५.३, मध्य ५.१. सिद्ध झालं. धुरातलं गंधक धुवायचं यंत्र तिन्ही चिमण्यांना बसवल्याशिवाय परवानगी मिळाली नाही. ते बसवायला पाच वर्षं लागली. त्या यंत्राला धूर धुवायला चुनखडी लागते. रोज मालगाडीचे डबे भरून येते. घाटावर उभं राहिलं की ती गाडी ऐकू येते.

आता पावसाचा पीएच साडेपाच आहे. पाऊस सुधारला. तलाव नाही. चौदा वर्षांनी मध्यावर ५.६ मिळतात. वीस वर्षांच्या पावसानं आजूबाजूच्या मातीतला चुना धुऊन नेला, आणि खडकातून तो पुन्हा झिरपायला किती काळ लागेल ते मला माहीत नाही. माझ्या हयातीत नाही, एवढं माहीत आहे. दामोधरची सोसायटी आता दुसऱ्या तलावावर जाते. मी मात्र दर महिन्याला डोंग्यातून मध्यावर जातो. पोहायला अजून येत नाही. डोंगा अजून तितकाच घट्ट धरतो.

सोमवार. मागचाच.

घाटावर गेलो तर गिरजाबाई वरच्या पायरीवर बसली होती. शहात्तर वर्षांची. आता तिला पायऱ्या उतरवत नाहीत. बाजूला टोपलं होतं, वर ओलं फडकं.

"भट्टी लावली?" मी विचारलं.

"सुनेनं लावली. त्याच ढिगाची. तुमचे बारा महिने सरले तवा तलावात एकबी गोगलगाय नव्हती, मंग मले भट्टी लावाची इच्छाच नाही झाली. चौदा वर्षं पावसात राह्यला, अर्ध्याची राख झाली." तिनं फडकं बाजूला केलं. खाली थोडासा चुना, पांढराशुभ्र. "येवढा निघाला. घेऊन जा खाली. माझ्यानं नाही होत."

मी बॅगेतून रबरी हातमोजे काढले.

"ते कायले?"

"चुना हाताला लागतो."

"सात वर्षं तोंडात घातला तवा नाही लागला."

मी हातमोजे परत ठेवले. टोपलं उचललं. हलकं होतं. तिसऱ्या पायरीवरची लाल खूण बोटाएवढी उरली आहे, शेवाळात शोधावी लागते. मी ती पायानं घासून मोकळी केली, वाकलो आणि टोपलं पाण्यावर कलतं केलं. पाणी दुधासारखं झालं आणि तसंच राहिलं. तिथं पाणी हलत नाही.

"बाई," मी खालूनच विचारलं, "आता बाकीचा विकणार?"

"बाकीचा कुठं हाय?" ती म्हणाली. "येवढाच होता."

सवयीनं माझा हात बॅगेतल्या मीटरकडे गेला होता. तिनं ते वरून पाहिलं असावं.

"राहू द्या ते," ती म्हणाली. "आन् बसा थोडं. बस यायले येळ हाय."

सोमवार. वेळ ९.४०. जागा: घाट, तिसरी पायरी. पीएच: मोजला नाही. शेरा: एक टोपलं. सगळं.